मुकुट मालकाला, पडझड सारथ्याला

चैत्रातल्या यात्रा सुरू झाल्या की आमच्या जुन्नरच्या भावकीच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो. एकीकडे चुलते आबा आणि त्यांची पिढी: बैलगाडा ही आपली परंपरा, कोर्टानंही मान्य केली, विषय संपला. दुसरीकडे पुण्या-मुंबईत शिकणारी भाचरं: परंपरा म्हटलं की सगळं माफ का? मुक्या जनावराला कुणी विचारलं? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. कोर्टातली लढाई मिटली, घरातली मिटली नाही.

मी इस्तंबूलमध्ये राहते. हे शहर कॉन्स्टँटिनोपल होतं तेव्हा इथं आठशेहून अधिक वर्षं रथांच्या शर्यती चालल्या. त्या इतिहासाच्या शेजारी राहून माझं एक ठाम मत झालं आहे. आपले दोन्ही पक्ष परंपरेवरून भांडतात, पण शर्यत परंपरेमुळे जगत नाही आणि परंपरा संपली म्हणून मरतही नाही. तिला पैसा कोण पुरवतो आणि त्या बदल्यात त्याला काय मिळतं, यावर तिचं आयुष्य ठरतं.

पुरावा सुलतानअहमद चौकात उभा आहे. हा चौक म्हणजे जुनं हिप्पोड्रोम. तुर्की लोक आजही त्याला घोड्यांचं मैदान म्हणतात. मधोमध इजिप्तहून आणलेला, फेरो तिसऱ्या थुटमोसचा ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचा उंच स्तंभ, आहे. सम्राट थिओडोसियसनं तो ३९० साली इथं उभारला. त्याचा संगमरवरी चौथरा जवळ जाऊन बघण्यासारखा आहे. एका बाजूला सम्राट आपल्या सज्जात उभा आहे, विजेत्याला द्यायचा हार हातात धरून. त्याच्या खाली प्रेक्षकांच्या रांगा, चेहऱ्याला चेहरा लागलेल्या, आणि सगळ्यात खाली इवल्याशा नर्तकी आणि वाजंत्री. चौथऱ्याच्या तळाच्या दगडावर रथ धावताहेत.

याच थिओडोसियसनं जुन्या देवांचे यज्ञ आणि देवळांतली पूजा कायद्यानं बंद केली. ग्रीसमधल्या ऑलिंपियाचे खेळ, म्हणजे मूळचं ऑलिंपिक, झ्यूस देवाच्या नावानं भरत. परंपरेप्रमाणे त्यांची सुरुवात इसवी सन पूर्व ७७६ ची, म्हणजे तेव्हा त्यांना हजाराहून अधिक वर्षं झाली होती. तो आणि त्याचे वारस यांच्या काळात ते खेळ विझले. परंपरेच्या बळावर काही टिकायचं असतं तर ते टिकायला हवे होते. टिकल्या त्या रथांच्या शर्यती, आणि त्याही ख्रिस्ती सम्राटाच्या राजधानीत. लोक चर्च सोडून शर्यतीला जातात म्हणून बिशप जॉन क्रिसोस्टम प्रवचनांतून त्यांना झोडपत. फरक पडला नाही, कारण सम्राटाला शर्यत हवी होती. त्याचा सज्जा थेट राजवाड्याला जोडलेला होता. हजारो लोकांसमोर तो दिसायचा, लोक त्याचा जयजयकार करायचे, तिथंच ओरडून तक्रारीही मांडायचे. इतकी उपयोगी गोष्ट कोण बंद करेल?

मात्र पोसलेली गर्दी उलटतेही. निळे आणि हिरवे हे शर्यतीतले दोन मोठे गट. जानेवारी ५३२ मध्ये फाशीचा सांगाडा मोडला आणि दोघं जण वाचले, एक निळा, एक हिरवा. त्यांना माफी मिळावी म्हणून एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले गट एक झाले आणि ‘नीका’, म्हणजे ‘जिंक’, ही शर्यतीतलीच आरोळी देत शहरभर आगी लावत सुटले. जुनं आया सोफिया चर्च त्यात जळालं. सम्राट जस्टिनियनच्या सेनापतींनी शेवटी लोकांना याच मैदानात कोंडून कापलं. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियसनं मृतांचा आकडा तीस हजारांवर दिला आहे. आज तिथं शाळेच्या सहली येतात, मुलं भाजलेली कणसं खातात.

राजकारणासाठी शर्यत वापरायची युक्ती सम्राटांच्याही आधीची. इसवी सन पूर्व ४१६ मध्ये अथेन्सच्या अल्किबियाडिसनं ऑलिंपियात एकट्यानं सात रथ उतरवले आणि पहिला नंबर पटकावला. पुढच्या वर्षी सिसिलीवरच्या मोहिमेचं नेतृत्व मागताना भर सभेत त्यानं हा विजय आपली लायकी म्हणून सांगितला. लोकांनी त्याचं ऐकलं. ती मोहीम अथेन्सचं आरमार बुडवून संपली.

पहिला नंबर त्याचा, कारण ग्रीकांच्या नियमाप्रमाणे मुकुट रथ हाकणाऱ्याला नव्हे, घोड्यांच्या मालकाला मिळायचा. त्यामुळेच स्पार्टाची राजकन्या किनिस्का इसवी सन पूर्व ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिंपिक विजेती ठरली, लगाम हातात न धरता. मला तिचा विजय आवडतो. पण ज्यानं जीव धोक्यात घालून तिचे घोडे हाकले, त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

ग्रीसमधल्या डेल्फीच्या संग्रहालयात कांस्याचा एक सारथी उभा आहे. १८९६ मध्ये जमिनीखाली सापडला. पापण्यांचे केस तांब्याच्या पत्र्याचे, डोळे जडवलेले, पायाच्या बोटांवरच्या शिरासुद्धा कोरलेल्या. उजव्या हातात तुटके लगाम अजून आहेत. घोडे आणि रथ जवळजवळ सगळे गेले. बैठकीच्या दगडावर नाव आहे ते सिसिलीतल्या ‘गेला’ शहराच्या सत्ताधीशाचं, पॉलिझालोसचं, ज्यानं हे शिल्प देवाला वाहिलं. सारथ्याचं नाव नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते आणि मनापासून राग आला होता.

रोममध्ये सारथी प्रसिद्ध झाले, पण बहुतेक गुलामच असत. ते लगाम कमरेला गुंडाळत आणि रथ उलटला तर कापून सुटायला सुरी जवळ ठेवत. दोन हजारांवर शर्यती जिंकणारा स्कॉर्पस सत्ताविशीतच गेला. इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्फिरियस या सारथ्याच्या पुतळ्यांचे दोन चौथरे आहेत. त्यांवर त्याच्यासोबत घोड्यांचीही नावं कोरली आहेत. ते पाहून गावच्या घाटाची, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीची, आठवण येते. आपल्याकडेही बैल नावानं ओळखला जातो; बकासूर म्हटलं की पुण्यापासून सांगलीपर्यंत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्या यात्रांचे फ्लेक्स बघा. वर नेत्यांचे फोटो, खाली बक्षिसं: बुलेट, ट्रॅक्टर, थार, अगदी जेसीबीसुद्धा. नवसाचा गाडा पळवणाऱ्या शेतकऱ्यानं हे वाढवलं नाही. ज्याला गर्दी हवी आहे त्यानं वाढवलं. बैल उधळून गर्दीत घुसल्याच्या, माणसं जखमी झाल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, तेव्हा त्या फ्लेक्सवरचं एकही नाव दवाखान्याचं बिल घेऊन पुढं येताना मी ऐकलेलं नाही. कायद्यात पशुवैद्यकाची तपासणी आहे, चाबूक आणि शॉक यांना मनाई आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे. हे सगळं मोडलं तर आधी पकडला जातो तो गाडेवाला.

भाचरांना मात्र एक सांगायचं आहे. इथं समोरच्या बेटांवर घोड्यांच्या फायटन गाड्या होत्या. घोड्यांचे फार हाल व्हायचे. २०१९ च्या अखेरीस ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची साथ आली, शंभराहून अधिक घोडे मारावे लागले आणि गाड्या बंद झाल्या. २०२० मध्ये महापालिकेनं गाडीवानांचे परवाने आणि घोडे पैसे देऊन विकत घेतले, बेटांवर विजेच्या गाड्या आणल्या. निर्णय योग्यच होता, आणि गाडीवानाला वाऱ्यावर सोडलं नाही हे विशेष. तरीही दत्तक दिलेल्या घोड्यांपैकी कित्येकांचा पुढं पत्ता लागला नाही अशा बातम्या आल्या. बंदी आली की जनावर सुटतंच असं नाही. आपल्याकडे बंदीच्या सात वर्षांत खिलार बैल विकावे लागलेले शेतकरी मी ओळखते. ते बैल कुठं गेले हे त्यांना कुणी विचारलं नाही.

म्हणून मला शर्यती बंद व्हायला नको आहेत. मला हवा आहे तो नियम एवढाच: ज्याचं नाव फ्लेक्सवर, त्याचंच नाव परवानगीच्या अर्जावर. हाकणाऱ्याचा, जुंपणाऱ्याचा आणि प्रेक्षकांचा विमा त्यानं आधी भरायचा, जखमी बैलाचा खर्चही त्याच्याच खात्यातून. नियम मोडला तर पुढच्या हंगामात त्या नावाला परवानगी नाही. आबा, तुम्ही गाडामालक संघटनेच्या बैठकीला जाता. हा मुद्दा यंदाच्या यात्रेआधी तिथं मांडा. आणि भाचरांनो, जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज तुम्ही लिहा, त्यावर पहिली सही माझी घ्या.