दहा दिवसांत काय शिकवून आलात?

महोदय,

नेपाळमधील सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही आठ जण दहा दिवस स्वयंसेवक म्हणून गेलो होतो, त्यावरचा माझा लेख वाचून आपण परखडपणे लिहिलेत, याबद्दल आभार. दहा दिवसांत मुलांना काय शिकवून आलात, प्रवासखर्चात तिथल्याच एखाद्या शिक्षकाचा पगार निघाला नसता का, आणि मुलांचे फोटो कोणाला विचारून लावलेत, असे आपले तीन मुख्य प्रश्न आहेत. शेवटच्याचे उत्तर सोपे आहे. हेडसरांना विचारले होते, पालकांना नाही, आणि ती चूकच होती. चेहरे दिसणारी सर्व छायाचित्रे मी काल काढून टाकली.

पैशांचे आपले गणित बरोबर आहे. किंबहुना तिथला नेपाळी रुपयांतला पगारही आपण भारतीय रुपयांत धरला आहे. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात, हे लक्षात घेतले तर ते आमच्या अधिकच विरोधात जाते. मात्र पगाराची कल्पना आम्हीही मांडून पाहिली होती. सरकारी दरबंदी, म्हणजे सरकारने मंजूर केलेली शिक्षकपदे, अपुरी पडली की तिथल्या सामुदायिक शाळांची व्यवस्थापन समिती स्वतःच्या तुटपुंज्या निधीतून शिक्षक नेमते. त्यांना ‘निजी स्रोत’चे शिक्षक म्हणतात. अशा एका शिक्षिकेचा वर्षाचा पगार आम्ही देऊ का, असे विचारल्यावर हेडसर म्हणाले, “आणि पुढच्या वर्षी?” बाहेरून एक वर्ष पैसे आले की गावाची वर्गणी थांबते आणि थांबलेली वर्गणी पुन्हा सुरू करणे फार जड जाते, असा त्यांचा अनुभव होता. आमच्यापैकी कोणीही पाच वर्षांची हमी द्यायला तयार नव्हते, हेही इथे कबूल केले पाहिजे.

शिकवण्याबद्दलचा आपला आक्षेप मला जास्त लागला, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षे काढलेल्या बाईला तो आधी सुचायला हवा होता. लिपी एकच, तेव्हा निभावेल, अशा भ्रमात मी पहिल्या दिवशी चौथीच्या फळ्यावर ‘झ्याल’, म्हणजे खिडकी, हा त्यांचा शब्द लिहिला. एक मुलगी उठली, माझ्या हातातला खडू घेतला, “मिस, यस्तो” म्हणाली आणि शेजारी त्यांच्या वळणाचा झ काढून दाखवला, आपल्या ‘भ’ या अक्षराला शेपूट जोडल्यासारखा. वर्ग खूश झाला, मीही झाले. पण वर्गाची खरी शिक्षिका तेवढा वेळ मागच्या बाकावर बसून होती, आणि तिचा राहिलेला धडा आमच्या माघारी तिलाच भरून काढावा लागणार होता. तिसऱ्या दिवशी आम्ही फळा-खडू सोडला.

उरलेले दिवस पुस्तकांत गेले. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला, आणि नेपाळात शाळांची सुट्टी शनिवारी असते, म्हणून वर्ग रिकामे होते. त्या जिल्ह्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे गेली. आम्ही गेलो तेव्हा, नोव्हेंबर २०१८ मध्ये, शाळेचे काही वर्ग अजून पत्र्याच्या शेडमध्ये भरत होते आणि ढिगाऱ्यातून काढलेली वाचनालयाची पुस्तके तांदळाच्या पोत्यांत पडून होती. चिकटलेली पाने फूटपट्टीने सोडवायची, उन्हात घालायची, खळ लावून कव्हरे चढवायची आणि कोणते पुस्तक कोणत्या इयत्तेला द्यायचे हे त्या शिक्षिकेला विचारून नोंदवहीत लिहायचे, एवढेच आमचे काम. ते गावातल्या कोणालाही जमले असते. फक्त सुगीच्या दिवसांत कोणाला सवड नव्हती.

काठमांडू-पोखऱ्याच्या अनाथालयांशी आपण केलेली तुलना मात्र मला मान्य नाही. आईवडील हयात असलेली डोंगरातली मुले शिक्षणाच्या आमिषाने तिथे आणून पाहुण्यांसमोर अनाथ म्हणून उभी केली जातात, हे खरे आहे, आणि अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जाऊ नये हेही खरे. आमच्या शाळेतली मुले चार वाजता घरी जात.

आमच्या सोयीने सगळे ठरते, हा आपला टोला मात्र वर्मी बसला. पहिला बेत आम्ही दिवाळीच्या सुट्टीत आखला होता. दसैं-तिहारला, म्हणजे त्यांच्या दसरा-दिवाळीला, तिथली शाळाच बंद असते, हे हेडसरांनी फोनवर सांगितले तेव्हा कळले.

पुन्हा जाणार का, असेही आपण विचारले आहे. आठ जण नकोत, दोघी पुरेत, आणि येताना पुस्तकबांधणीचे कापड आणा, असा हेडसरांचा निरोप आहे. मी आणि एक मैत्रीण जाणार आहोत. उरलेल्या सहा जणांना हे अजून सांगायचे आहे.