उंदराचं वर्ष वेगळं, उंदराचा प्रहर वेगळा

चिनी राशिचक्रात प्रत्येक वर्ष एका प्राण्याच्या नावाचं असतं. त्यावरच्या एका लेखातलं ‘उंदराच्या वर्षात जन्मलेले लोक रात्री जागणारे असतात’ हे विधान मला पटलं नाही. माझा जन्म मार्च १९८४चा, म्हणजे उंदराच्याच वर्षातला. रात्री दहाला माझे डोळे मिटतात आणि पहाटे पाचला गजराशिवाय उघडतात. धाकटी बहीण डुकराच्या वर्षातली, ती मात्र दोनच्या आधी झोपत नाही.

चिनी पद्धतीत दिवसाचेही दोन-दोन तासांचे बारा प्रहर असतात, त्यांनाही याच प्राण्यांची नावं, आणि उंदराचा प्रहर रात्री ११ ते १. रात्रीशी त्याचं नातं तिथून येतं. चिनी पत्रिकेत जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ असे चार स्तंभ मांडतात. लेखात वेळेचा स्तंभच गायब आहे! शिवाय हे प्रहर मुळात सूर्यावरून ठरत. आज सगळ्या चीनमध्ये अधिकृत घड्याळ बीजिंगचं, पण दूर पश्चिमेकडच्या उरुम्ची शहरात सूर्य त्याच्या दोनेक तास मागे. तिथे घड्याळात रात्री साडेबाराला जन्मलेलं बाळ सूर्याच्या हिशेबाने डुकराच्या प्रहरातलं (रात्री ९ ते ११), उंदराच्या नव्हे. आणि माझी बहीण आळशी नाही हो, तिच्या शरीराचं घड्याळच उशिराचं आहे. घरात तिने यावरून फार बोलणी खाल्ली आहेत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.