एक वेस्टर्न पाहिला की सगळे पाहिले?

सिनेमावेड्यांच्या गटांत एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. मूळ कुणी लिहिला कोण जाणे, पण दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी 'अगदी मनातलं' म्हणत तो पुढे ढकलतंच. त्याचा सारांश असा: जुने वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिमेकडचे गुराखी, शेरिफ, डाकू यांचे सिनेमे) म्हणजे एकच गोष्ट शंभर वेळा. पांढऱ्या टोपीचा चांगला, काळ्या टोपीचा वाईट, शेवटी भर दुपारी रस्त्यात गोळीबार. बंदुकीची आरती, रेड इंडियनांची बदनामी, बायका शोभेला. टीव्हीवरच्या मालिका तर निव्वळ पोरांसाठी. आणि शेवटची ओळ: 'शोले पाहिला असेल तर यातलं काहीच बघायची गरज नाही.'

यातलं एक कलम बरंचसं खरं आहे, त्यावर येतोच. बाकीची वाचून वाटतं, लिहिणाऱ्याने 'मेकॅनाज गोल्ड' आणि क्लिंट ईस्टवुडच्या तोंडातला चिरूट एवढ्यावरच निकाल दिलाय. 'मेकॅनाज गोल्ड' आपल्याकडे तुफान चालला, त्यामुळे हा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

'एकच गोष्ट' या आरोपाला उत्तर द्यायला मी मुद्दाम त्यांचंच उदाहरण घेतो, भर दुपारच्या गोळीबाराचं. 'हाय नून', १९५२, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. हॅडलीव्हिल नावाचं छोटं गाव, रविवारची सकाळ. गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, विल केन (गॅरी कूपर) नुकताच बोहल्यावरून उतरलाय आणि बिल्ला ठेवून बायकोबरोबर गाव सोडणार आहे. तेवढ्यात बातमी येते: त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटलाय, बाराच्या गाडीने येतोय, त्याचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघतायत. सिनेमा ८५ मिनिटांचा, आणि गोष्टीतला वेळही जवळपास तेवढाच. भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसत राहतात.

या ८५ मिनिटांतला गोळीबार अगदी शेवटी, थोडका. बाकीचा सिनेमा म्हणजे एक माणूस दारोदार मदत मागत हिंडतोय. न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू पिशवीत भरतो आणि वर अथेन्सचा इतिहास ऐकवून घोड्यावर बसतो. एक मित्र आत लपून बायकोला सांगतो, मी घरी नाही म्हण. मदतीचा शब्द दिलेला गडी, आपल्याशिवाय कुणीच आलं नाही हे कळताच पाय मागे घेतो. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना केन आत येतो तेव्हा आधी त्याला ऐकवलं जातं की तू इथे फारसा फिरकत नाहीस. मग मुलांना बाहेर पाठवून चर्चा सुरू होते. हा म्हणतो पगारी पोलीस कशाला ठेवलेत, तो म्हणतो हे भांडण आपलं नाहीच. शेवटी गावचा पुढारी हेंडरसन उठतो आणि केनची तोंडभर स्तुती करतो. आता हा लोकांना उठवणार असं वाटत असतानाच तो वळण घेतो: उत्तरेकडचे लोक आपल्या गावात पैसा घालायचा विचार करतायत, दुकानं येतील, कारखाने येतील, रस्त्यात मुडदे पडले तर ते काय म्हणतील? तेव्हा विल, तू गेलेलाच बरा.

आमच्या आईला इंग्रजी जेमतेम कळतं. हा प्रसंग बघता बघता ती म्हणाली, "ही तर आपल्या सोसायटीची जनरल बॉडी आहे."

आणि तो शेवटचा गोळीबार? चार गुंडांपैकी एकाला केनची बायको खिडकीतून पाठीत गोळी घालते. ती क्वेकर, हिंसा न मानणारी. गाव मग घरांतून बाहेर येतं. केन बिल्ला काढून मातीत टाकतो, एक शब्द न बोलता गाडीत बसतो. पांढरी टोपी, काळी टोपी यात कुठे बसवायची ते मजकूरवाल्याने सांगावं.

पटकथाकार कार्ल फोरमन हे लिहीत होता तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट-शोध चालू होता. चित्रीकरण सुरू असतानाच त्याला चौकशी समितीपुढे जावं लागलं. त्याने कुणाची नावं दिली नाहीत, काळ्या यादीत गेला, म्हणजे हॉलिवूडचं काम बंद झालं, आणि इंग्लंड गाठलं. चर्चमधली ती माणसं त्याने कुठून आणली हे वेगळं सांगायला नको. वेस्टर्नमधला बडा नट जॉन वेन याला हा सिनेमा इतका झोंबला की १९७१ साली एका मुलाखतीत त्याने तो अमेरिकाविरोधी ठरवला. वर, कूपर शेवटी बिल्ला पायाखाली तुडवतो असंही सांगितलं. तसं सिनेमात नाही. राग आला की आठवणही भडक होते. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचंही वेनसारखंच मत, की खरा शेरिफ असा गावभर मदतीची भीक मागत फिरणार नाही. म्हणून दोघांनी मिळून १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढला. त्यात शेरिफ हौशी मदत नाकारतो, आणि जे मिळतात ते तीन: एक दारुडा, एक लंगडा म्हातारा, एक पोरगा. सिनेमाने सिनेमाला दिलेलं उत्तर आहे हे. 'एकच गोष्ट शंभर वेळा' यालाच म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

पुढे ४ जून १९८९ ला पोलंडमध्ये निवडणूक झाली तेव्हा सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या एका पोस्टरवर हाच गॅरी कूपर चालत येताना होता. छातीवर संघटनेचा बिल्ला, हातात बंदुकीऐवजी मतपत्रिका. बंदुकीची आरती करणारा सिनेमा असता तर हा बदल कुणाला सुचला नसता.

बंदुकीचं आलंच आहे तर 'शेन' (१९५३). भांडण आपल्याला परकं नाही: एका बाजूला मोकळ्या कुरणावर गुरं चारणारा बडा रायकर, दुसऱ्या बाजूला कुंपण घालून शेती करणारी कुटुंबं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं कसेल त्याला १६० एकर देऊ केले आणि गायरान विरुद्ध बांध हा तंटा तिथे पेटला. रायकर खलनायक, पण त्याला त्याची बाजू मांडायला मिळते: आम्ही इथे रक्त सांडलं, आणि आता तुम्ही माझं पाणी अडवता. शेतकरी उत्तर देतो की तुझ्याही आधी इथे फासेपारधी आणि व्यापारी होतेच. ज्यांची जमीन दोघांच्याही आधीची, ते या वादात कुठेच नाहीत. ते मनात ठेवा.

टॉरी नावाच्या तापट शेतकऱ्याचा मृत्यू एकदा नीट बघा. रस्ता म्हणजे नुसता चिखल. वर फळ्यांच्या ओट्यावर भाडोत्री मारेकरी विल्सन (जॅक पॅलन्स) सावकाश हातमोजा चढवतोय. खाली टॉरी घसरत, तोल सावरत चालतोय. तो पिस्तूल जेमतेम उपसतो तोवर समोरचं रोखलेलं असतं, आणि विल्सन क्षणभर थांबतो. मग एकच आवाज, तोफेसारखा, आणि टॉरी मागच्या मागे चिखलात फेकला जातो. नटाला तारा बांधून ओढलं होतं. याआधी पडद्यावर माणसं पोटाला हात लावून हळूच बसत. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स महायुद्धात लष्कराच्या चित्रीकरण तुकडीबरोबर होता, डाखाऊची छळछावणी त्याने चित्रित केली होती. गोळीने माणसाचं काय होतं ते त्याला दाखवायचं होतं.

शिवाय १९४३ चा 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' आहे. गुरं चोरली, मालकाचा खून झाला अशी अफवा येते, जमाव निघतो, तीन माणसांना फासावर लटकवतो. मग कळतं की मालक जिवंत आहे. ७५ मिनिटं. आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलणाऱ्यांनी जरूर पाहावा.

आता खरं कलम. मूळ रहिवाशांच्या बाबतीत या सिनेमांनी अन्याय केला, आणि ढीगभर केला. जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये (१९३९) अपाची जमात म्हणजे धुळीतून येणारं संकट, बाकी ओळख नाही. ते साकारले नाव्हाहो या दुसऱ्या जमातीच्या लोकांनी, कारण चित्रीकरणाची मॉन्युमेंट व्हॅली त्यांच्या भूमीत. अपाचींची बाजू मांडणाऱ्या 'ब्रोकन ॲरो'तही (१९५०) अपाची सरदार कोचीसचं काम ब्रुकलिनच्या जेफ चँडलरने तोंड रंगवून केलं. कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी खऱ्या इतिहासात भरपूर होते, पडद्यावर शोधावे लागतात. यावर सारवासारव नको.

पण म्हणून 'द सर्चर्स' (१९५६) त्याच गठ्ठ्यात बांधता येत नाही. ईथन एडवर्ड्स, म्हणजे पुन्हा जॉन वेन, कोमांची जमातीच्या लोकांनी पळवून नेलेल्या पुतणीला वर्षानुवर्षं शोधतो. हळूहळू आपल्या लक्षात येतं की तो तिला आणायला नाही, मारायला निघालाय, कारण ती आता 'त्यांची' झाली. तो पुरलेल्या कोमांचीचं प्रेत उघडं करून त्याच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, का तर त्यांच्या श्रद्धेप्रमाणे डोळ्यांवाचून आत्मा भटकत राहावा. शत्रूची श्रद्धा इतकी बारकाईने माहीत, आणि तीच वापरायची त्याला छळायला. समोरचा कोमांची सरदार स्कार सांगतो, माझे दोन मुलगे गोऱ्यांनी मारले. दोघं एकमेकांचे आरसे. जी.ए. कुलकर्णींच्या अनुवादातली 'रानातील प्रकाश' ही कादंबरी वाचलेल्यांना हा पेच ओळखीचा वाटेल: पळवलेलं मूल जिथे वाढलं तिथलंच झालं, तर 'सोडवणं' कशाला म्हणायचं? शेवटी ईथन पुतणीला उचलून घेतो, घरी आणतो. सगळे दारातून आत जातात, तो बाहेर राहतो आणि दार बंद होतं.

याच सिनेमात एका कोमांची बाईला उतारावरून लाथ मारून लोळवण्याचा विनोद आहे. मला तो दर वेळी खुपतो. मग तीच बाई घोडदळाने कापलेल्या वस्तीत मरून पडलेली दिसते आणि हसलेल्याला हसल्याची लाज वाटते. फोर्डने हे जाणूनबुजून केलं का, यावर माझं मत दोनदा बदललंय.

बायकांचं थोडक्यात. 'हाय नून'मधली हेलन रामिरेझ (केटी जुराडो) आपलं दुकान विकून, गावाची लायकी तोंडावर सांगून निघून जाते. 'जॉनी गिटार'मध्ये (१९५४) तर शेवटची लढत दोन बायकांत आहे.

टीव्ही पोरांसाठी? 'गनस्मोक' १९५२ मध्ये रेडिओवर सुरू झालं ते मोठ्यांसाठी म्हणूनच. टीव्हीवर १९५५ ते १९७५, ६३५ भाग. पहिल्याच भागात मार्शल मॅट डिलन समोरासमोरच्या लढतीत हरतो, गोळी खाऊन पडतो. बरा होताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की तो गडी चपळ आहे पण लांबून नेम धरू शकत नाही, म्हणून तो नेहमी जवळ येतो. पुढच्या वेळी मॅट अंतर ठेवतो. संपलं. मालिका घडते त्या खऱ्या डॉज सिटीत, जाता जाता सांगतो, शस्त्र बाळगायला सक्त मनाई असल्याची पाटी रस्त्यात लावलेली होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची ती जगप्रसिद्ध चकमकही (२६ ऑक्टोबर १८८१) गावातल्या शस्त्रबंदीवरूनच पेटली, आणि अर्ध्या मिनिटात आटोपली.

राहिला 'शोले'. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडाचा प्रसंग दिग्दर्शक सर्जिओ लिओनीच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'वरून आला, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यात दुसराच प्रसंग वेस्टर्नचा वाटतो. अहमदचं प्रेत घोड्यावरून गावात येतं. गब्बरची चिठ्ठी: दोघांना माझ्या हवाली करा. गाव जमतं आणि कुजबुज सुरू होते, हे ओझं आम्ही का उचलायचं, यांना जाऊ द्या. शब्दाला शब्द हॅडलीव्हिलचं चर्च. फक्त इथे आंधळे इमामसाहेब विचारतात, जगातलं सगळ्यात मोठं ओझं कोणतं, ठाऊक आहे? बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा. मग ते काठी टेकत नमाजाला निघून जातात, आणि जमलेल्यांपैकी कुणालाच मान वर करवत नाही.