सोनेरी उजेडातले खड्डे

वनरक्षकाची नोकरी आणि निसर्गचित्रे टिपण्याचा छंद एकाच माणसाच्या वाट्याला आले, की लोक त्याला भाग्यवान समजतात. ‘तुमचं काय बुवा, पगारी सहल!’ असे साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातले चहावालेही मला ऐकवतात. सूर्योदयानंतरच्या ज्या कोवळ्या उजेडासाठी छायाचित्रकार पुण्याहून रात्री निघतात, त्या उजेडात मी रोज डोंगरावर हजर असतो हे खरे आहे. फक्त त्या वेळी माझे दोन्ही हात गुंतलेले असतात.

कासचेच घ्या. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि दर सप्टेंबरला माझी पाठ फुलांकडे व तोंड पर्यटकांकडे झाले. मागे तेरडा किती फुलला आहे, हे मला समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखावे लागते. एकदा गर्दी थोडी ओसरली तेव्हा सीतेची आसवे टिपावीत म्हणून मी वाटेच्या कडेला पालथा पडलो, कारण ते निळे फूल इतके चिमुकले असते की उभ्याने त्याच्याशी बोलताच येत नाही. मान वर केली तर शेजारी चार पर्यटक पालथे पडलेले. वर्दीतला माणूस आडवा झाला, म्हणजे आडवे होण्यास परवानगी असणार, असा त्यांचा तर्क होता, आणि तो मला खोडता आला नाही.

कार्यालयालाही छायाचित्रे लागतात. परंतु ती खड्ड्यांची. रोपवनाच्या खड्ड्यात टेप सोडलेली, 45 सेंटिमीटरचा आकडा स्वच्छ दिसणारा आणि कोपऱ्यात तारीख व अक्षांश-रेखांश असलेला फोटो म्हणजे उत्तम फोटो. दऱ्यांत ढग उतरलेले असताना काढलेला माझा एक फोटो ‘खड्डा नीट दिसत नाही’ या शेऱ्यासह परत आला होता.

गेल्या मार्चमध्ये रजा मिळाली. ठोसेघरच्या बाजूच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, ट्रायपॉड उभा करून, दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी व्यवस्था लावून मी सूर्यास्ताची वाट पाहत बसलो. सूर्य मावळला, तरी लाली वाढतच होती, आणि ती उत्तरेला होती. मावळतीचा रंग उत्तरेकडे कसा, हा प्रश्न मला पडेपर्यंत कॅमेरा मी तिकडे वळवलाही होता. (हे वाक्य मी अहवालात घातलेले नाही.) गवत जाळले की नवे चांगले फुटते, या जुन्या समजुतीने कोणीतरी काडी ओढली होती आणि तो उतार माझ्याच बीटात, म्हणजे माझ्याच राखणीच्या हद्दीत होता. मग फोन, धावाधाव, आणि हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत काढलेले दोन तास.

रात्री काजळल्या तोंडाने परत आलो, तर कॅमेऱ्याने इमानाने सगळे टिपून ठेवले होते. त्यातला एक फोटो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम आहे: तांबडा उतार आणि त्यापुढे वाकून झोडपणाऱ्या पाच काळ्या आकृत्या. सौभाग्यवतींनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, “यात तुम्ही कोणते?” मी टोपीवाल्या आकृतीवर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड आवरायला घेतला, तेव्हा माझी टोपी त्याच्याच खुंटीला लटकलेली सापडली.