फी माफ होती, हेही सांगा की

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी तो मेसेज फिरतोच. कंदिलाखालचा अभ्यास, अनवाणी शाळा, दोन सदऱ्यांवर काढलेलं वर्ष आणि शेवटी 'आमच्यासारखी पिढी पुन्हा होणे नाही'. परवा मीही त्यावर अंगठा दिला. शेजारी बसलेल्या नातवाने वाचलं आणि विचारलं, "आबा, तुम्हाला कॉलेजची फी किती होती?"

फी माफ होती.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. म्हणून हे लांबण.

माझे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले होते. साताऱ्यात याचं कुणाला नवल नाही. इथे अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. १९४६ ला ते परत आले ते एक काळी पत्र्याची ट्रंक आणि चहाची तलफ घेऊन. आक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा चार वर्षांची. दारात खाकीतला अनोळखी बाप्या बघून ती कणगीमागे जाऊन लपली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही म्हणे. मी १९४९ चा.

आम्ही कसत होतो ते शेत गावातल्या ब्राह्मण कुटुंबाचं. १९४८ ला गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागात ब्राह्मणांची घरं जाळली, त्यात त्यांचा वाडाही गेला आणि माणसं पुण्याला गेली. त्या काळ्या पडलेल्या भिंतींआड मी लपाछपी खेळलोय. पुढे कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला. बत्तीस-ग झालं, म्हणजे कलमाप्रमाणे जमिनीची किंमत ठरली, हप्ते फिटले, दाखला ट्रंकेत गेला. वडिलांनी त्या रानात घाम गाळला, खरंय. पण घाम आजोबांनीही गाळला होता आणि त्यांच्या नावावर वाफाभर जमीन झाली नाही. फरक घामात नव्हता, कायद्यात होता. (आणि त्या वाड्यातल्या माझ्या वयाच्या पोराने पुण्यात काय सोसलं असेल, ते आमच्या मेसेजात कधी येत नाही.)

शिक्षणाचंही तेच. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मी 'कमवा आणि शिका'तून, म्हणजे कॉलेजसाठी काम करून, शिकलो. खुरपलं, पाणी पाजलं, अंग मोडून काम केलं. पण ती वाट आधी कुणीतरी पाडून ठेवली होती. कर्मवीर भाऊराव पाटील, आमचे अण्णा, पोरांच्या भाकरीसाठी दारोदार फिरले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने बोर्डिंगासाठी विकले, तेव्हा कुठे आम्हाला आयती सतरंजी मिळाली. वर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारची ईबीसी, म्हणजे गरिबांच्या पोरांना फीमाफी. वर्षाचं उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असल्याचा दाखला दिला की फी नाही. तलाठ्याने तो दाखला हसत हसत दिला होता, कारण आमचं उत्पन्न मोजण्याएवढंही नव्हतं.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे होस्टेलात कॉटखालची ट्रंक खडखडायला लागली. उंदीर असेल म्हणून मी कूस बदलली. तो कोयनेचा भूकंप होता. सगळे उघड्या अंगाने मैदानात कुडकुडत उभे. माझ्या पांघरुणात शिरलेला मित्र आमच्याच गावच्या महारवाड्यातला. इथे आम्ही एका ताटात जेवायचो, सुट्टीत गावी गेलो की त्याला आमच्या आडावर पाणी शेंदता येत नसे. मी त्यावर एकदाही तोंड उघडलं नाही. त्याच्या बापाकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती, मग कूळकायदा त्याला देणार काय? तोही कष्टानेच शिकला. आमच्यापेक्षा दुप्पट.

आता नातवाची फी. इंजिनिअरिंगला वर्षाला लाखाच्या वर, डोक्यावर बँकेचं कर्ज. विनाअनुदानित कॉलेजांना १९८३ ला परवानगी मिळाली, तेव्हा मी चौतीस वर्षांचा, पगारदार, मतदार. पोरांची सोय झाली म्हणून आम्ही खूशच होतो. स्वतः फुकट शिकून पुढच्यांच्या हातात पावतीबुक दिलं आणि वर त्यांनाच म्हणतो, तुम्हाला कष्टाची सवय नाही.

हे सगळं लिहिता येतं. पुढचं लिहायला जड जातंय.

आक्का चौथीपर्यंत शिकली. हुशार होती, पाढे मला तिनेच शिकवले. पण आई रानात गेली की मला कोण सांभाळणार, म्हणून तिची शाळा सुटली. वडील गेल्यावर वारस नोंदीत सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला तो हक्क दिलाच होता. ज्या कायद्याने आम्हाला जमीन दिली त्याचं कौतुक आणि याचा मात्र मला राग. चार माणसं म्हणाली, हक्कसोड करून घ्या, पुढं भाचे भांडतात.

मी तिला सासरहून बोलावलं. ती म्हणाली, "मला कशाला रं जमीन? तू हाईस न्हवं." तालुक्याला जाऊन कागद केला. तिला अंगठा चालेल म्हणाले, तर तिने पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं. काना द्यायचा राहिला होता, तो परत मागे जाऊन दिला. तिला मी एक इरकल घेतलं आणि अर्धा किलो कंदी पेढे. दीड एकराचा हिशेब मिटला. कागद त्याच ट्रंकेत ठेवला.

गेल्या रविवारी तिच्याकडे गेलो होतो. आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, कानाने जरा कमी. जवळ बसून मोठ्याने विचारलं, "आक्का, हक्कसोडीचा दिवस आठवतो का गं?"

"न आठवाया काय झालं? स्टँडापतूर उन्हाचं चालवलंस की मला. चपलंचा अंगठा तुटला हुता."

रिक्षा होती तिथे. मला ती करायचं सुचलंच नव्हतं.