जिंकलेला सामना हरावा कसा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा संघ तुमच्या हाती आलाय, पोरं धिप्पाड आहेत, आणि तरीही हरायचंय? मग प्रतिस्पर्ध्याच्या भरवशावर कशाला राहता? पंचाच्या कमरेचा, नियम मोडला की दंडासाठी फेकायचा पिवळा रुमाल पुरे.

सुरुवात स्वस्तातल्या दंडाने करा. चार प्रयत्नांत चेंडू १० यार्ड पुढे न्यायचा असतो. तिसऱ्या प्रयत्नाला दोनच यार्ड उरले की तुमच्या लाइनमनने (पुढच्या रांगेतल्या गड्याने) स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी जरासं हलावं. फॉल्स स्टार्ट, ५ यार्ड मागे. दोन यार्डांसाठी धावताही येतं आणि पासही टाकता येतो. सातांसाठी बहुधा पासच येणार हे समोरच्या बचावाला न सांगता कळतं, आणि ते तुमच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास टाकणाऱ्यावर, तुटून पडतात. यासाठी कष्ट नाहीत. सरावात स्पीकर लावून गोंगाटाची सवय करू नका, गार्डने शेजारच्या सेंटरला (चेंडू मागे देणाऱ्याला) थाप मारून द्यायचा मूक इशारा शिकवू नका. परक्या मैदानावर प्रेक्षक ओरडायला लागले की पोरं आपोआप हलतील.

१० यार्डांचं होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, मात्र घोटून घ्यावं लागतं. पाय जड ठेवायला सांगा. पाय थांबले की समोरचा बाजूने निसटतो, मग हात त्याच्या खांद्याबाहेर जातात आणि मुठीत जर्सी येते. हात छातीच्या चौकटीत राहिले तर पंच बहुधा गप्प बसतो, तेव्हा ते टाळा. वेळही साधा: चेंडू घेऊन पळणारा आपला रनिंग बॅक ६० यार्ड पळून टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार, ६ गुण) करत असतानाच समोरच्याला पकडा. दंडाच्या रकान्यात १० यार्ड लागतात. गेलेले ६० यार्ड आणि ६ गुण कुठेच दिसत नाहीत. कागदावर तुम्ही शिस्तीचेच.

समोरचा संघ चौथ्या प्रयत्नाला हार मानून पंट मारतोय, म्हणजे चेंडू लाथेने लांब तुमच्याकडे पाठवतोय? पंटरच्या टेकलेल्या पायावर जाऊन आदळा. १५ यार्ड आणि त्यांना नवा पहिला प्रयत्न. निघालेल्या पाहुण्याला हात धरून पुन्हा पाटावर बसवायचं ते असं. (नुसता धक्का लागला तर ५ यार्डांवर भागतं, कंजूषपणा नको.) डोकं खाली घालून शिरस्त्राणाच्या टाळूने कुणाला ठोकलंत तर १५ यार्डांच्या जोडीला एक चांगला खेळाडूही सामन्याबाहेर जातो; २०१३ पासून ही सोय आहे.

खरी कला मात्र गैरवर्तनात. १२ डिसेंबर २०२० ला फ्लोरिडाने एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) तिसऱ्या प्रयत्नात अडवलं, गुण ३४-३४, चेंडू मिळाल्यात जमा. फ्लोरिडाच्या एका बचावपटूने प्रतिस्पर्ध्याच्या पायातून निघालेला बूट उचलून सुमारे २० यार्ड भिरकावला. १५ यार्ड दंड, एलएसयूला नवं जीवदान, शेवटची २३ सेकंदं असताना ५७ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक, ३ गुण), ३७-३४.

बूट हाताशी नसेल तर २०१९ चा एग बोल, म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या दोन विद्यापीठांचा वार्षिक सामना, गिरवा. २८ नोव्हेंबर, ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) विरुद्ध मिसिसिपी स्टेट. ४ सेकंदं उरलेली असताना ओल मिसने टचडाउन केला, २१-२०, बरोबरीसाठी फक्त एका गुणाची किक बाकी. टचडाउन करणारा गडी चार पायांवर रांगला आणि कुत्र्यासारखी तंगडी वर केली. १५ यार्ड दंड. एरवी २० यार्डांची असलेली किक ३५ यार्डांची झाली, आणि हुकली. तिसऱ्या दिवशी ओल मिसच्या प्रशिक्षकाची नोकरीही गेली.