“भारतातला फ्लॅट इथे कोण मोजतंय?” मोजतात!

इथल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्यांसाठी “अनुभवाचे बोल” म्हणून. पाच मुद्दे आहेत आणि पाचही चुकीचे, त्यातला शेवटचा तर एखाद्याला हजारो पाउंडांना पडेल, म्हणून लिहायला बसले.

“ऑफर ॲक्सेप्ट झाली की घर तुमचं.” अजिबात नाही. इथे घर-जमिनीचा सौदा लेखी आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच बांधील होतो, 1989 चा कायदाच आहे तसा, त्यामुळे एजंटने फोनवर कितीही अभिनंदन केलं तरी कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो, गझम्पिंग म्हणतात त्याला. ओळखीतल्या एका जोडप्याचं असंच झालं, सर्व्हे, म्हणजे घराची तपासणी, झालेला, सर्चेसचे, म्हणजे घराच्या सरकारी नोंदी तपासण्याचे, पैसे भरलेले, मुलीची खोली कुठली तेही ठरलेलं आणि घर गेलं. त्यातला एक पैसा परत आला नाही. एक्स्चेंजनंतर मात्र तुम्हीही अडकलात, माघार घेतली तर डिपॉझिट, साधारण 10 टक्के, गेलंच समजा.

“बँक सर्व्हे करतेच, वेगळा कशाला?” बँक व्हॅल्युएशन, म्हणजे किमतीचा अंदाज, करते, ते बँकेच्या पैशाची काळजी म्हणून, तुमच्या भिंतींची नव्हे. आमच्या सर्व्हेअरने कपाटामागच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगाला छोटं मीटर टेकवलं आणि काटा एकदम वर, आतून पूर्ण ओल. व्हॅल्युएशनमध्ये त्या भिंतीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

“लीज 99 वर्षांचं म्हणजे कायमचंच.” लीज म्हणजे घर ठरावीक वर्षांपुरतंच तुमचं, तेव्हा सुरुवातीला किती होतं ते सोडा, आता किती उरलंय ते विचारा. 80 वर्षांच्या खाली गेलं की वाढवून घेणं एकदम महागतं. हा 80 वर्षांचा नियम काढायची तरतूद 2024 च्या कायद्यात आहे, पण ती लागू झालीये का हे सॉलिसिटरकडून (घराचं कायदेशीर काम बघणारा वकील) खात्री केल्याशिवाय धरून चालू नका.

“नवरा-बायको दोघांची नावं टाकली की झालं.” कशी टाकली ते बघा. जॉइंट टेनंट्स (टेनंट म्हणजे इथे भाडेकरू नव्हे, सहमालक) असाल तर एकाच्या मागे घर आपोआप दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. टेनंट्स इन कॉमन असाल तर प्रत्येकाचा वाटा वेगळा. एकाच्या आईबाबांनी गावची जमीन विकून डिपॉझिट दिलं असेल तर हे आधीच बोलून घ्या, अवघड वाटलं तरी.

आणि आता तो मुद्दा. “भारतातला फ्लॅट इथे मोजत नाहीत, तुम्ही फर्स्ट टाइम बायरच.” हे साफ खोटं आहे! स्टॅम्प ड्यूटीत सवलत मिळणारा फर्स्ट टाइम बायर म्हणजे जगात कुठेही, कधीही घराची मालकी नसलेला, वडिलांच्या मागे नावावर लागलेला हिस्साही त्यात आला. शिवाय भारतातला तुमचा वाटा 40,000 पाउंड किंवा जास्त किमतीचा असेल तर इथलं घर दुसरं घर धरलं जातं आणि पूर्ण किमतीवर 5 टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी लागते, भले तुम्ही इथे दहा वर्षं भाड्याने राहत असाल. 4 लाख पाउंडांचं घर धरा, एप्रिल 2025 पासूनच्या दरांनी फर्स्ट टाइम बायरला 5,000 पाउंड बसतात, आणि कोथरूडचा फ्लॅट नावावर असलेल्याला 30,000. बायकोच्या नावावर फ्लॅट आहे म्हणून घर फक्त नवऱ्याच्या नावावर घेऊ, हेही चालत नाही, एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोचं एकत्रच बघतात. वारसाने आलेल्या छोट्या हिश्शाला, म्हणजे 50 टक्क्यांपर्यंत, जादा ड्यूटीतून तीन वर्षं सूट असते, पण फर्स्ट टाइम बायरची सवलत गेली ती गेलीच.

तेव्हा ऑफर टाकायच्या आधी सॉलिसिटरला जो पहिला मेल कराल त्यात पहिलीच ओळ ही असू द्या: भारतात कुणाच्या नावावर, किती वाट्याने, कधीपासून काय आहे.